मन थाऱ्यावर ठेवायचं तर आधी खुंटा शोधा

हे मी त्यांच्यासाठी लिहून राहिली ज्यांना कोणी "रूटीन लाव, बरं वाटेल" म्हटलं की समजतच नाही नेमकं करायचं काय आणि सुरुवात कुठून करायची. आपल्याकडे कोणी सरळ म्हणत नाही की मन ठीक नाही. डोकं भणभणते म्हणतात, जीव घाबरते म्हणतात, कशातच मन लागत नाही म्हणतात. पोराने ग्लासभर पाणी सांडलं तरी अंगावर धावून जाणं होते, रात्री दोनला डोळा उघडला की कर्जाचा, पोरीच्या फीचा, पावसाचा हिशोब सुरू होतो तो सकाळपर्यंत. माझं हे सगळं होऊन गेलेलं आहे म्हणून सांगते.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, कारण सगळे जण शेवटपर्यंत वाचतीलच असं नाही. दोन आठवडे झाले आणि दिवसातला बहुतेक वेळ मन खचलेलं आहे, आवडीच्या कामात पण रस नाही, जेवण आणि झोप बिघडली आहे, किंवा "आता जगून काय करायचं" असा विचार येऊन राहिला आहे, तर नुसत्या रूटीनच्या भरवशावर बसू नका. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला, पैसे लागत नाही, रात्री-बेरात्री पण लागतो आणि मराठीत बोलता येते. नाहीतर गावच्या आशाताईंना सांगा, त्या जिल्हा रुग्णालयातल्या मनाच्या डॉक्टरपर्यंत कसं जायचं ते सांगतील. घरातल्या कोणाबद्दल अशी शंका असेल तर त्याला सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला जागा मिळते. आणि फवारणीचं औषध घरात ठेवू नका, दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा, आजच. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, खालचं सगळं गोळ्यांसोबत करता येते.

आता मूळ गोष्ट.

तीन वर्षं झाली, सोयाबीनची सवंगणी झाली होती, गंजी लावलेली होती आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला. त्यानंतरचे महिने माझे फार वाईट गेले. मोबाईलवर पाहून मी एक टाईमटेबल केलं होतं, पाचला उठायचं, साडेपाचला व्यायाम, सहाला ध्यान, मंग डायरी, दिवसभरात इतकं पाणी, रात्री दहाला झोप. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी वावरात ओलिताची पाळी रात्रीची आली, कारण कृषीपंपाची लाईन कधी दिवसा असते कधी रात्री, आणि घरातले रात्रभर वावरात असले की दुसरा सगळा दिवस उलटापालटा होतो. एकदा पाचचं उठणं चुकलं की पुढचं सगळंच चुकत जाते, आणि आधीच मन पडलेलं असते त्यात "आपल्याच्याने हेही नाही होत" हे एक नवीन दुखणं वाढते.

मंग एक दिवस गोठ्यात शेण काढता काढता लक्षात आलं की हे काम मात्र माझं एक दिवस चुकलं नव्हतं. गंजी भिजली त्या सकाळी पण गाय पिळली. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी पण पिळली. घड्याळात वेळ मागेपुढे झाली असेल, पण काम झालं. जनावर खुंट्याला बांधलेलं असते म्हणून रानोमाळ जात नाही. मनाचं पण तसंच आहे, आणि आपला खुंटा घड्याळ नाही, आपला खुंटा रोजचं न चुकणारं काम आहे. ज्याला ऑफिसची ठरलेली वेळ आहे त्याने घड्याळाला बांधलं तर चालून जाते, आपल्याला ते परवडत नाही.

तर पहिली पायरी, खुंटा शोधणं. यासाठी तीन दिवस द्या आणि या तीन दिवसांत बाकी काहीच बदलू नका. पोराच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं घ्या आणि रोज संध्याकाळी लिहा, आज असं कोणतं काम झालं जे काहीही झालं तरी होणारच होतं. मंग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा, पेरणीच्या धांदलीत होते का, घरी लग्न असलं तरी होते का, मला ताप असला तरी होते का. या चाळणीतून फार थोडी कामं उरतात. नळ येणं हा खुंटा नाही, आमच्याकडे तीन दिवसांआड येतो. पोराची शाळेची बस हा खुंटा नाही, उन्हाळ्यात दोन महिने शाळाच नाही. लाईट तर नाहीच नाही. माझ्याकडे तीन उरले, सकाळचं गोठ्यातलं काम, वावरातून आल्यावर पाय धुणं, आणि संध्याकाळची दिवाबत्ती. तुमचे वेगळे निघतील. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांचा सकाळचा पहिला चहा असू शकतो, आंगण झाडणं असू शकते, दाढी असू शकते. पण दोन-तीनच्या वर घेऊ नका.

खुंटे ठरले की एका, फक्त एकाच खुंट्याला एक लहान गोष्ट बांधायची. सकाळपासून सुरू करा. मी सुरू केलं ते असं: गोठा झाला, हात धुतले की चहाचा कप घेऊन छपरीत पूर्वेकडे तोंड करून बसायचं, दहा मिनिटं, मोबाईल घरात. इतकंच. ऐकायला हे काहीच वाटत नाही, म्हणून यामागचं कारण सांगते. आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते सकाळचा उजेड डोळ्यात गेला की सेट होते, त्यावर रात्रीची झोप कधी येईल हे ठरते, आणि झोपेवर दुसऱ्या दिवशीची चिडचिड ठरते. घरातला बल्ब कितीही मोठा वाटला तरी बाहेरचा उजेड त्याच्या कितीतरी पट जास्त असतो, आभाळ असलं तरी. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, नुसतं उजेडात बसायचं. मे महिन्यात आपल्याकडे सात वाजताच ऊन चटका द्यायला लागते, तेव्हा त्याच्या आधी बसा, आणि झडी लागली असेल तर छपरीच्या कडेला बसा.

दोन आठवडे यात दुसरं काही वाढवू नका. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. चार दिवस बरं वाटलं की माणूस म्हणते आता प्राणायाम पण करू, चालायला पण जाऊ, आणि पहिल्या अडचणीला सगळंच सुटते. गोष्ट इतकी लहान पाहिजे की अंगात ताप असला तरी होईल.

आणि "मन लागलं की करीन" यात अडकू नका. मला पण आधी तसंच वाटे, की आधी मन बरं होईल मंग मी उठून बसीन. असते उलटं, हात आधी हलतात आणि मन मागून येते. डॉक्टर लोकांची एक उपचाराची पद्धतच यावर उभी आहे. गोव्यात हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम म्हणून काम झालं, त्यात डॉक्टर नव्हे तर ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं नैराश्याच्या पेशंटला सहा ते आठ बैठकांत हेच शिकवत, की लहान लहान कामं ठरवून करायची, मूडची वाट पाहायची नाही. ज्यांना ते मिळालं ते नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त सुधारले, २०१७ मध्ये हे छापून आलं. आपल्या अमरावती जिल्ह्यात पण ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, गावपातळीवर मनाच्या आजाराबद्दल बोलायचा. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातले चारेक जणच कोणाकडे मदत मागायला जात, नंतर हा आकडा सत्तावीसच्या आसपास गेला. म्हणजे बोललं, रस्ता दाखवला, तर आपली माणसं येतात.

सकाळ बसली की दुसरा खुंटा, पाय धुण्याचा. वावरातून येणारा प्रत्येक जण दारात पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नाही, ही आपल्याकडची इतकी पक्की सवय आहे की तिच्यावर काहीही बांधता येते. दिवसभराचं ऊन, मजुरांची कटकट, डुकराने केलेलं नुकसान हे सगळं घेऊन माणूस दारात येतो आणि घरात पहिलं जे समोर दिसलं त्याच्यावर निघते. म्हणून मी इथे श्वास ठेवला. पायावर पाणी घेतलं की दहा श्वास, मनात चारपर्यंत मोजत आत आणि सहापर्यंत मोजत बाहेर, दोन मिनिटं पण लागत नाही. बाहेर सोडायचा श्वास लांब पाहिजे, कारण श्वास सोडताना छातीचे ठोके थोडे हळू होतात आणि शरीराला समजते की धोका टळला. जोर लावायचा नाही, गरगरलं तर नेहमीसारखा श्वास घ्या. आमच्या ह्यांना मी काही सांगितलं नव्हतं, महिनाभराने तेच म्हणाले, "तू आल्यावर दोन मिनिट बोलत नाहीस ते बरं असते, मंग आवाज चढत नाही तुहा."

मधे पोटाचं सांगते, कारण हे रूटीनमध्ये कोणी धरत नाही आणि अर्धी चिडचिड इथूनच येते. काळा चहा घ्यायचा, तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, टाकायचा आणि वावरात निघायचं, अकरापर्यंत पोटात अन्न नाही. मंग डवरणी करता करता बैलावर हात उगारला जातो. बायांचं अजून वेगळं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं. निघायच्या आधी काहीतरी खाऊन निघा, रात्रीची भाकर आणि दही, फोडणीची भाकर, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. हे मी नियम म्हणून नाही सांगत, विनंती म्हणून सांगते, विशेषतः माझ्यासारख्या सुनांना.

खऱ्र्याबद्दल पण बोलायलाच पाहिजे. खर्रा खाल्ला की शांत वाटते हे खरं आहे, पण ती शांती बहुतेक वेळा आधीच्या खऱ्र्याची तलफ मिटल्याची असते, दोन तासांनी पुन्हा तीच बेचैनी. एकदम सोडणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून आधी दिवसाचा पहिला खर्रा पुढे ढकला, खाणं झाल्यावर, मंग दहा वाजता, मंग जेवणानंतर. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर समजावून सांगतात. चहाचं सोपं आहे, शेवटचा चहा चारच्या आत, कारण चहातलं जागवणारं द्रव्य पाच-सहा तासांनी पण निम्मं रक्तात असते आणि मंग म्हणतो झोप येत नाही.

आता तिसरा खुंटा, दिवाबत्ती, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. याला मी चिंता बांधली. चिंता करू नका असं कोणी म्हटलं की मला राग यायचा, कर्ज आहे तर चिंता येणारच ना. करा चिंता, पण तिला जागा द्या. दिवा लावला की वही घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसायचं, पानाच्या मधोमध एक रेघ ओढायची, डावीकडे लिहायचं "माझ्या हातात" आणि उजवीकडे "माझ्या हातात नाही". डोक्यात जे जे आहे ते एकेक करून कोणत्या बाजूला जाते ते पाहायचं. माझ्या एका पानावरचं सांगते. बँकेचा कागद आला आहे, डावीकडे, उद्या अकरा वाजता जाऊन विचारायचं की किती भरलं तर खातं चालू राहील. कापसाचा भाव, उजवीकडे. पण "भाव दिवसातून एकदाच पाहीन" हे डावीकडे, कारण दिवसातून दहा वेळा मोबाईलवर भाव पाहून भाव वाढत नाही, जीव मात्र दहा वेळा खालीवर होतो. मिरगाचा पाऊस येईल का, उजवीकडे. बियाण्याची थैली उधार मिळेल का, डावीकडे, कोणाला विचारायचं त्याचं नाव समोर. डावीकडच्या प्रत्येकाच्या पुढे उद्याचं एकच पाऊल लिहायचं, मोठा प्लॅन नाही.

वेळ झाली की वही बंद. रात्री दोनला तेच विचार आले की मनाला म्हणायचं, वहीत आहे, उद्या दिव्याच्या वेळी. पहिले आठ-दहा दिवस मन ऐकत नाही, सारखं सांगावं लागते. मंग ऐकायला लागते, कारण त्याला अनुभव आलेला असतो की खरंच उद्या वेळ मिळते. फक्त ही वही झोपायच्या वेळी उघडू नका, दिवाबत्ती आणि झोप यात जेवण, भांडी, दोन गोष्टी असं अंतर पाहिजे. आणि शक्य असेल तर आठवड्यातून एकदा नवरा-बायकोने ते पान सोबत पाहा. कितीतरी घरात कर्जाचा आकडा एकालाच माहीत असतो, आणि तो एकटाच ते ओझं घेऊन फिरतो.

माणसांत जाणं. यासाठी वेगळा खुंटा लागत नाही, आपल्या गावात आधीच आहे. बऱ्याच गावांत संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, मांडी घालून ओळीत बसायचं, खंजिरीवर भजन. तिथे कोणी "काय झालं तुले" असं खोदून विचारत नाही, आणि तरी माणूस एकटा राहत नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांनी पारावर अर्धा तास बसावं, पण जिथे पिणं चालते तिथे नको, दारूने त्या रात्रीपुरती झोप येते आणि पहाटे जास्त वाईट वाटते. ज्या बायांना संध्याकाळी बाहेर पडता येत नाही त्यांनी बचत गटातल्या एकीला धरावं, नाहीतर माहेरी पाच मिनिटं फोन, रोज एक माणूस. आपलं रडगाणं सांगितलंच पाहिजे असं काही नाही, वांग्याला काय कीड लागली ते बोललं तरी चालते.

झोपेचं थोडक्यात. मोबाईल चार्जिंगला झोपायच्या खोलीबाहेर लावा. रात्री जाग आली तर किती वाजले ते पाहू नका, वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही लागली असं वाटलं तर उठून आंगणात जरा बसा, डोळे जड झाले की पुन्हा जा. ओलिताची रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी तीनच्या आत थोडं झोपून घ्या, पण सकाळचा उजेड आणि सकाळचं खाणं त्या दिवशी पण सोडू नका, जो काही दोरा हातात राहतो तो त्यानेच राहतो.

किती दिवसांत सवय लागते असं सगळे विचारतात. एकवीस दिवस म्हणतात ते मनावर घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर पाहिलं होतं, नवीन सवय आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, कोणाला १८ दिवस लागले आणि कोणाला अंदाजाने २५४. आणि त्यात हे पण दिसलं की एखादा दिवस चुकला तर सवय तुटत नाही. माझा सकाळचा चहा पक्का व्हायला दिवाळीपासून होळी आली. म्हणून प्रत्येक गोष्टीचं एक पेरणीचं माप ठरवून ठेवा, म्हणजे धांदलीच्या दिवसात किती केलं तरी झालं म्हणायचं. माझं माप असं, छपरीत दहा मिनिटांऐवजी चहाचे चार घोट, दहा श्वासांऐवजी तीन, वहीत एकच ओळ. कापूस वेचणीच्या दिवसात मी दीड महिना याच मापावर काढला आणि तरी मन थाऱ्यावर राहिलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक बारीक टिक करा आणि बाजाराच्या दिवशी, पिशवी घेऊन निघायच्या आधी, आठवड्याकडे एकदा पाहा. झोप कशी होती, आवाज किती वेळा चढला, कोणाशी बोललो. बरं वाटते की नाही हे रोज रोज तपासू नका, पेरलेलं बी उकरून पाहण्यासारखं आहे ते.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. खुंटा पण कधी कधी उपटून जातो. आमच्या शेजारच्या काकाजींनी मागच्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली, चारा परवडत नव्हता, वाही आता ट्रॅक्टरने होते. त्यांची साठ वर्षांची सकाळ बैलांना बांधलेली होती. जोडी गेल्यावर काकाजी चारला उठत आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहत. जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं. घरचे म्हणत, वय झालं. मला वाटते वय नव्हतं ते. पोरगं शिकायला अमरावतीला गेलं, सासू वारली, लग्न होऊन पोरगी गेली, अशा वेळी माणसाच्या दुःखासोबत हा पण एक हिशोब असतो की कोणतं रोजचं काम गेलं. दुःख त्याच्या वेळेने उतरते, पण त्या रिकाम्या जागी आठ-पंधरा दिवसांत दुसरं काम ठेवून द्या, लहान का असेना.

काकाजींना मी आणि त्यांच्या सुनेने आधी आशाताईंकडे नेलं, तिथून दवाखान्यात, थोड्या दिवसांच्या गोळ्या झाल्या. आणि सुनेने त्यांच्या हातात खराटा दिला, गाडगेबाबांच्या जिल्ह्यातले आपण, खराट्याची कोणाला लाज नाही. आता ते रोज उजाडता उजाडता पारापासून आमच्या दारापर्यंतचा रस्ता झाडतात. माझी गाय अजून आहे, पण खरं सांगते, त्यांच्या खराट्याचा आवाज आला की मी चहा मांडते, आणि आता दोन कप मांडते.